मोजणारा उभा कुठे?

मे महिन्यातली दुपार. मालवणच्या एस.टी. स्थानकावर आम्ही एक फळी, तिला चिमट्याने लावलेले कागद आणि एक घड्याळ घेऊन उभे होतो. पीएच.डी.साठी नाव नोंदवून सहा महिने झाले होते. विषय होता ग्रामीण वाहतूक, आणि मार्गदर्शकांनी सुरुवातीला दिलेला प्रश्न इतका साधा होता की आम्हांला थोडा अपमानच वाटला. प्रवाशाला गाडीची वाट सरासरी किती वेळ पाहावी लागते, एवढेच शोधून आणायचे होते. आम्हांला वाटले, यात संशोधन ते काय? दर अर्ध्या तासाला गाडी असेल तर कोणी गाडी सुटल्यासुटल्या येईल, त्याला तीस मिनिटे थांबावे लागेल. कोणी गाडीबरोबरच येईल, त्याला शून्य. सरासरी पंधरा. हे सांगायला मालवणपर्यंत यायची काय गरज?

पुढची तीन वर्षे हे ‘पंधरा’ आमचा पिच्छा पुरवणार होते.

वाहतूकशास्त्र म्हटले की रस्ते, पूल, डांबर, खडी असे चित्र डोळ्यांपुढे येते. तो भाग आहेच. पण या शास्त्राचा दुसरा अर्धा भाग माणसे आणि माल कोठून कोठे, केव्हा, कशाने आणि का जातात हे शोधण्याचा आहे. आपल्याकडे या विषयाची मुळे बरीच जुनी आहेत, आणि त्यांतली काही मराठी माणसांच्या हातची आहेत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली भारतातल्या रस्त्यांचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्या १९२८ च्या अहवालातून पुढे रस्त्यांसाठीचा मध्यवर्ती निधी (१९२९), इंडियन रोड्स काँग्रेस (१९३४) आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था (१९५२) या गोष्टी उभ्या राहिल्या. जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तेवढे आपल्याला ठाऊक असते, रस्त्यांचे मात्र क्वचितच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ आणि ल. वि. गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी १९३५ साली प्रसिद्ध केली. तेव्हा एस.टी. नव्हती, ती पहिल्यांदा धावली १ जून १९४८ रोजी, पुणे ते नगर. म्हणजे सरकारी बस रस्त्यावर येण्याच्या तेरा वर्षे आधी मराठी संशोधक मोटारींची पाहणी करून मोकळे झाले होते.

एवढा वारसा पाठीशी असूनही आम्ही मालवणात उतरलो तेव्हा मोजावे कसे, हे आम्हांला कोणी पद्धतशीर शिकवलेले नव्हते. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी. आमची नोंदणी त्याच्या आधीची. त्यामुळे पुढे जे सांगणार आहोत ते वर्गात शिकलेले नाही. ते चुका करत, थांब्यांवर उभे राहून शिकलेले आहे, आणि म्हणूनच बहुधा लक्षात राहिले.

पंधराचे एकवीस कसे झाले?

आधी गणित. समजा एका थांब्यावर तासाला दोन गाड्या आहेत. वेळापत्रकाप्रमाणे त्या अर्ध्या अर्ध्या तासाने यायला हव्यात. पण रस्ता वळणावळणाचा, मध्ये घाटी, एखाद्या थांब्यावर नारळाची पोती चढवायची. होते असे की एक गाडी उशिरा येते आणि तिच्या मागोमाग दहा मिनिटांनी दुसरी. मग पुढची पन्नास मिनिटे काही नाही. म्हणजे दोन गाड्यांमधली वेळांतरे झाली १० आणि ५० मिनिटे. त्यांची सरासरी अजूनही ३० च आहे. आगारात विचाराल तर उत्तर मिळेल, “सरासरी अर्ध्या तासाला गाडी आहे,” आणि ते खरेच असेल.

आता समजा थांब्यावर दर मिनिटाला एक प्रवासी येतो. तासाला साठ प्रवासी. त्यांपैकी दहा जण लहान फटीत सापडतील. त्यांना सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल. उरलेले पन्नास मोठ्या फटीत सापडतील. त्यांना सरासरी पंचवीस मिनिटे. सगळ्यांच्या थांबण्याची बेरीज करा: दहा पाचे पन्नास, पन्नास पंचविसे साडेबाराशे, एकूण १३०० मिनिटे. भागिले ६०. उत्तर येते २१ मिनिटे ४० सेकंद.

गाड्या तेवढ्याच, तास तेवढाच, आणि पंधराच्या जागी जवळजवळ बावीस! कारण उघड आहे, पण एकदा कोणी दाखवल्यावरच. मोठी फट मोठी असते म्हणूनच तिच्यात जास्त माणसे सापडतात. आपण थांब्यावर जातो तेव्हा लहान फटीत पडण्यापेक्षा मोठ्या फटीत पडण्याची शक्यता जास्त असते. “आपण आलो की गाडी कधी वेळेवर नसतेच,” अशी तक्रार सगळेच करतात आणि आपण ती चिडचिड म्हणून सोडून देतो. ती बऱ्याच अंशी गणित आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांना सूत्ररूपाने सांगायचे तर असे: सरासरी वेळांतराचा निम्मा घ्या आणि त्याला (१ + प्रमाण विचलन भागिले सरासरी, त्याचा वर्ग) याने गुणा. वरच्या उदाहरणात सरासरी ३०, प्रमाण विचलन २०. वीस भागिले तीसचा वर्ग चारनवमांश. पंधरा गुणिले तेरानवमांश म्हणजे तेच २१ मिनिटे ४० सेकंद. गाड्या अगदी ठरल्या वेळेला आल्या तर विचलन शून्य, आणि उत्तर आपले जुने पंधरा. थोडक्यात, एकही नवी गाडी न घेता, नुसत्या असलेल्या गाड्या नियमित केल्या तरी प्रवाशाचा वेळ वाचतो.

हे गणित करून आम्ही खूश झालो. आता फक्त वेळांतरे नोंदवायची, सूत्रात घालायची, प्रकरण लिहून काढायचे.

सरांनी विचारले, “दर मिनिटाला एक प्रवासी येतो हे कोणी पाहिले?”

कोणीच पाहिले नव्हते. आम्ही ते धरून चाललो होतो. मोठ्या शहरात पाच-सात मिनिटांनी गाडी असते तिथे माणसे वेळापत्रक न पाहता कधीही येतात आणि हे गृहीतक बरेचसे चालून जाते. चौक्याच्या पुढे कुडाळच्या वाटेवरच्या एखाद्या वाडीच्या थांब्यावर ते चालेल का? म्हणून आम्ही पुन्हा जाऊन बसलो, आणि या वेळी गाड्यांऐवजी माणसे येण्याच्या वेळा टिपू लागलो. दोन दिवस थांब्यावर फारसे कोणी येतच नव्हते. गाडी मात्र आली की सहा-सात माणसे चढत. ही कुठून उगवत? तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. समोर चहाची टपरी होती. कोणी तिथे बसलेले, कोणी शेजारच्या दुकानात गजाली करत, एक बाई तर पलीकडच्या घराच्या लोट्यावर. वळणावर गाडीचा आवाज आला की सगळी मंडळी उठून रस्त्यावर येत. आमच्या कागदावर ही माणसे ‘वाट पाहण्याचा वेळ: अर्धा मिनिट’ अशी नोंदली गेली होती!

ती वाट पाहत होती की नव्हती? टपरीवरचा माणूस म्हणाला, गाडी नसती तर तो घरी असता. मग त्याचा वेळ धरायचा. दुकानातला म्हणाला, त्याला तसेही पोह्यांचे सामान घ्यायचे होते. त्याचा किती धरायचा? संशोधनाच्या पुस्तकांत ‘व्याख्या आधी निश्चित करा’ असे एक वाक्य असते आणि विद्यार्थी ते पाठ करून पुढे जातो. आम्हांला त्या वाक्याचा अर्थ टपरीवर कळला. आठवडाभर आम्ही माणसांशी बोललो आणि शेवटी ‘वाट पाहणे’ याची व्याख्या ‘गाडीसाठी घर किंवा काम सोडल्यापासून गाडीत चढेपर्यंतचा वेळ’ अशी केली. या व्याख्येने आमचे सुंदर सूत्र निकामी झाले, कारण लोक यादृच्छिक येतच नव्हते. गाडी किती बेभरवशाची आहे याचा ज्याचा त्याचा अंदाज असतो, आणि त्याप्रमाणे तो घरून लवकर निघतो. पण सूत्र गेले तरी हाती आलेली गोष्ट मोलाची होती. वेळापत्रकाचा भरवसा नसल्याची किंमत लोक थांब्यावर पोचण्याआधीच मोजत होते.

दोघेही खरे बोलतात

एस.टी.त ‘भारमान’ हा शब्द रोजचा आहे. गाडीच्या क्षमतेच्या मानाने ती किती भरली, त्याचे हे प्रमाण. फेरी चालू ठेवायची की बंद करायची या चर्चेत हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. आता समजा दोन फेऱ्या आहेत. सकाळच्या फेरीला ६० माणसे, काही उभी. दुपारच्या फेरीला १०. वाहकाला विचारा: सरासरी किती माणसे होती? तो म्हणेल, पस्तीस. आता गाडीतून उतरणाऱ्या सत्तर प्रवाशांना एकेक करून विचारा: तुमच्या गाडीत किती माणसे होती? साठ जण ‘साठ’ म्हणतील, दहा जण ‘दहा’ म्हणतील. साठ गुणिले साठ तीन हजार सहाशे, दहा गुणिले दहा शंभर. बेरीज ३७००, भागिले सत्तर. उत्तर जवळजवळ ५३.

एका टेबलावर ३५ आणि दुसऱ्या टेबलावर ५३. अशा वेळी ग्रामसभेत काय होते ते आपण जाणतो. एक बाजू म्हणते गाड्या रिकाम्या जातात, दुसरी म्हणते उभे राहायला जागा नसते, आणि दोघेही एकमेकांना खोटे ठरवतात. खरे म्हणजे खोटे कोणीच बोलत नाही. एकाने गाड्या मोजल्या, दुसऱ्याने माणसे.

भरल्याशिवाय न हलणाऱ्या सहा आसनी रिक्षेची गंमत याहून निराळी. तिचे भारमान केव्हाही पाहा, पूर्ण! म्हणून त्या रस्त्यावर प्रवासी भरपूर आहेत असे कोणी लिहिले तर ते चूक. तिथे मोजायचे ते रिक्षा भरायला लागलेला वेळ.

वाहने मोजायची की माणसे, हा प्रश्न रस्त्यावरही येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या कोष्टकात मोटारगाडी १ धरली तर मोटारसायकल अर्धी, बस किंवा ट्रक ३ आणि बैलगाडी ८ धरली आहे. म्हणजे कोण रस्त्याची किती अडवणूक करतो याचे हे माप. पन्नास माणसे एका बसने गेली तर रस्त्यावर ३ एकक भार. तीच पन्नास दोघे दोघे पंचवीस मोटारसायकलींवर गेली तर साडेबारा. २०१७ च्या भारतीय महामार्ग क्षमता पुस्तिकेने एकच ठरीव आकडा धरण्याऐवजी वाहतुकीच्या स्थितीप्रमाणे बदलणारे आकडे आणले. पण ‘हे माप रस्त्याचे आहे, माणसांचे नाही’ ही मर्यादा मापाच्या स्वभावातच आहे.

सर्वसाधारण दिवस कोणता?

गाड्यांची मोजणी आम्ही कुंभारमाठाच्या रस्त्याला करत असू. सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी चार ते आठ. या वेळा आम्ही शहरांवरच्या अभ्यासांतून उचलल्या होत्या. शाळा-कचेऱ्यांची गर्दी त्या वेळात असते. मदतीला दोन महाविद्यालयीन मुले होती. चौथ्या-पाचव्या दिवशी मासळीची रिकामी पाटी घेऊन परतणारी एक मावशी आमच्यापाशी थांबली. काय लिहिता म्हणून चौकशी केली. आम्ही सांगितले, कोण कुठे जाते ते मोजतो. ती हसली.

“तुमी येतास तेवा आमचो बाजार सोपलेलो असता, बाबानूं.”

मासे घेऊन ती पहाटेच निघत असे. आठ वाजता आमची फळी उघडत असे तेव्हा तिची निम्मी विक्री झालेली. आमच्या सगळ्या तक्त्यांत मासळी नव्हती. मालवणच्या रस्त्यावरून जाणाऱ्या वाहतुकीचा अभ्यास, आणि त्यात मासळीच नाही! दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे चारला सुरुवात केली. मुले कुरकुरली, त्यांची चूक नव्हती.

सबंध चोवीस तास मोजा, सलग सात दिवस मोजा, वर्षातून निदान दोनदा मोजा, एकदा हंगामात आणि एकदा मंदीच्या दिवसांत, असे इंडियन रोड्स काँग्रेसची १९७२ ची मार्गदर्शिका ग्रामीण रस्त्यांच्या गणतीबद्दल सांगतेच. आम्ही ती वाचली होती. वाचली होती आणि मुले दोनच आहेत म्हणून सोयीने बाजूला ठेवली होती. त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक सूचना आहे. जत्रा किंवा प्रदर्शन यांसारखी असाधारण परिस्थिती असेल तर गणती काही दिवस पुढे ढकलावी. सूचना शहाणपणाची आहे. पण कोकणात ती पाळायला बसलो की अडचण येते. मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा घ्या. लाखो माणसे येतात, जादा गाड्या सुटतात. आणि तिची तारीख पंचांगातल्या तिथीला बांधलेली नाही. ती देवीच्या कौलाने ठरते. संशोधकाने वर्षाचे वेळापत्रक आखताना ती कुठे धरायची? गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, होळी-शिमग्याला येतात, मे महिन्यात मुले घेऊन येतात, दिवाळीपासून पर्यटक सुरू होतात, पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद होतात आणि बंदरावर शुकशुकाट असतो. हे सगळे ‘असाधारण’ म्हणून वगळत गेलो तर जो काय ‘साधारण’ दिवस उरेल त्या दिवशी रस्त्यावर कोणीच नसते! शेवटी आम्ही वर्षाचे पाच भाग केले आणि प्रत्येक भागातून चिठ्ठ्या टाकून दिवस निवडले. सोयीचे दिवस निवडायचे नाहीत, एवढे पथ्य ठेवले. जत्रेचा दिवस वेगळा मोजला आणि वेगळाच ठेवला.

मोजणीची रेघ कुठे मारायची यातही फसगत असते. याबाबतीत पां. वा. सुखात्मे यांची आठवण काढायलाच हवी. साताऱ्याकडच्या बुध गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ. शेतातले पीक किती आले हे ठरवण्यासाठी सगळे शेत कापत नाहीत. मधला एक तुकडा आखतात, तेवढाच कापून तोलतात आणि हिशेब करतात. तुकडा लहान घेतला तर काम कमी, म्हणून लहान तुकडे पुष्कळ घ्यावेत असा एक विचार होता. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की फार लहान तुकड्यांवरून काढलेला उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. रेघेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. एक मीटर बाजूच्या चौरसाला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते. दहा मीटर बाजूच्या चौरसाला ती चाळीस सेंटिमीटरच पडते. कड जास्त तिथे ही चूक जास्त. संख्याशास्त्रात एकाच दिशेला झुकणाऱ्या अशा चुकीला अभिनती म्हणतात, आणि तिचा दुष्ट गुण असा की हजार तुकडे घेतले तरी ती कमी होत नाही.

आमच्या फळीवरही हेच घडत होते. पाच-पाच मिनिटांच्या मोजण्या करून त्यांना बाराने गुणत होतो. घड्याळात वेळ भरत आली आणि वळणावर गाडी दिसली की पोरगा म्हणे, “आलीच की,” आणि रेघ ओढे. एकदा एकाच ठिकाणी आम्ही एकाला सलग तास मोजायला बसवले आणि दुसऱ्याला पाच-पाच मिनिटे. दुसऱ्याचा आकडा दर वेळी थोडा वरचढ. मुले प्रामाणिक होती. दोष काठाचा होता.

काही चुका मात्र मोजणाऱ्याच्या उभे राहण्याच्याही आधीच्या असतात. अलीकडचे एक उदाहरण पाहू. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले. या सवलतीने बायकांचा प्रवास किती वाढला? प्रश्न महत्त्वाचा आहे. कोणाही शिक्षिकेने आपल्या गावापुरता विचारावा असा आहे. सवलतीनंतरचे आकडे तिकिटांवरून मिळतात. पण आधीचे? त्याआधी पूर्ण तिकीट काढणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष याची नोंदच होत नसे, गरजच नव्हती. तुलना करायला ‘आधी’ हवे आणि ते कागदावर नाही. एकूण प्रवाशांची तुलना करू म्हटले, तर मार्च २०२० पासून करोनाची बंधने आणि २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेला संप. कोणते वर्ष ‘नेहमीचे’ धरायचे? अशा ठिकाणी बायकांशी बोलून, आधी माहेरी वर्षातून किती वेळा जात होता, आठवड्याचा बाजार कोण करत होते, असे विचारतच पुढे जावे लागते. स्मरण फसवे असते हे मान्य करून.

मे आणि जुलै

आता आमच्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येतो. मालवण तालुक्यातल्या एका गावाला दुपारची एक फेरी होती. गावाचे नाव सांगत नाही. पहिल्या मे महिन्यात आम्ही त्या फेरीने आठ दिवस सलग प्रवास केला आणि प्रत्येक थांब्यावर चढणारे-उतरणारे मोजले. गाडी जवळजवळ रिकामी जाई. आम्ही एक व्यवस्थित तक्ता केला आणि खाली लिहिले की या फेरीला प्रवासी नाहीत, तिचा वेळ दुसऱ्या मार्गाला देता येईल. आकडे बरोबर होते, बेरजा तपासलेल्या होत्या.

सरांनी तक्ता पाहिला आणि एवढेच म्हणाले, “शाळा कधी सुरू होते?”

आम्ही सुट्टीत मोजले होते. ती शाळा सुटल्यावरची गाडी होती.

जुलैमध्ये परत गेलो. पाऊस असा की शाईने लिहिलेले पहिल्या तासात वाहून गेले. त्या दिवसापासून आम्ही पेन्सिलच वापरतो. शाळा सुटली, आणि प्लॅस्टिकच्या खोळीत दप्तरे गुंडाळलेल्या मुली गाडीत चढू लागल्या. शेवटच्या वाडीपर्यंत जाणाऱ्या. त्या वाडीपासून शाळा चालत यायच्या अंतरावर नाही, निदान आषाढातल्या पावसात नाही. बहुतेकींकडे पास होते. म्हणजे वाहकाने रोज तिकीट द्यायचे नाही. नुसत्या फाडलेल्या तिकिटांवरून कोणी मोजले असते तर जुलैतही ही गाडी रिकामीच दिसली असती. आमच्या मे महिन्याच्या तक्त्यावर विसंबून कोणी ती फेरी उचलली असती, तर पुढच्या वर्षीच्या पाहणीत त्या मुली सापडल्याही नसत्या. गाडी नाही म्हणून शाळा सुटली, शाळा सुटली म्हणून थांब्यावर नाहीत, थांब्यावर नाहीत म्हणून गाडीची मागणी नाही. कागदावर सगळे बिनचूक जुळले असते.

त्या तक्त्याचा कागद आम्ही फाडला नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात मे आणि जुलै असे दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच पानावर घालवला. चार-पाच प्रकरणांतली आमची मेहनतीची समीकरणे त्यांनी चाळून सोडून दिली, याचे तेव्हा वाईट वाटले होते.

शाळेत हे करून पाहायचे असेल तर फार सामग्री लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांचे दोन गट करा. एका गटाने शाळेजवळच्या थांब्यावर आठवडाभर गाड्यांच्या येण्याच्या वेळा लिहाव्यात आणि सरासरी वेळांतर काढावे. दुसऱ्या गटाने गाडीने येणाऱ्या मुलांना, शिक्षकांना रोज विचारावे की आज घरातून निघाल्यापासून गाडीत चढेपर्यंत किती वेळ गेला. दोन्ही गटांनी आठवडा संपेपर्यंत एकमेकांना आकडे दाखवायचे नाहीत. शेवटी दोन्ही फळ्यावर मांडा आणि फरक का पडला ते मुलांनाच सांगू द्या. जमल्यास तिसरा गट करा आणि त्याला गाडीने न येणाऱ्या मुलांकडे पाठवा: तू गाडीने का येत नाहीस? पेन्सिली द्या, आणि शनिवार वेगळ्या रकान्यात ठेवा. त्या दिवशी शाळा सकाळची असते.